सरासरीच्या खोक्यात आपला मोहल्ला

(अमरावती येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी हवामानशास्त्रज्ञ नाही. शिक्षणाने इंजिनिअर आहे आणि पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण चिमणीतून निघालेला वायू कुठे जाईल हे संगणक कसे सांगतो, हा शेवटी प्रोग्रामचाच प्रश्न आहे. त्या प्रोग्राममध्ये आपला मोहल्ला आहे की नाही, हा मात्र आपला प्रश्न आहे.

कोरड्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि जवळपास १ टक्का आरगॉन असतो. बाकीचे सगळे वायू मिळून एक दशांश टक्काही भरत नाहीत. हवेचे ज्वारीसारखे दहा लाख दाणे केले, तर त्यात कार्बन डायऑक्साइडचे सव्वाचारशेच्या आसपास निघतील, मिथेनचे दोनही पुरते निघणार नाहीत. सल्फर डायऑक्साइड तर त्याहून कितीतरी कमी. म्हणून यांना सूक्ष्म वायू म्हणतात. पण पृथ्वी तापवणारे आणि दमेकऱ्याचा श्वास अडवणारे वायू यांच्यातच आहेत.

गोव्यात काबो द रामा इथे १९९३ पासून काही वर्षे समुद्रकाठच्या हवेचे नमुने बाटल्यांत भरून तपासले गेले. पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, २००९ पासून सिंहगडावर असे काम सुरू केले. पावसाळ्यात तिथे समुद्रावरून हवा येते, हिवाळ्यात देशाच्या आतल्या भागातून. जागा तीच, बाटली तीच, पण हवा वेगळी. म्हणून नुसता आकडा पुरत नाही. ती हवा कुठून आली हे कळावे लागते, आणि त्यासाठी मॉडेल लागते.

मॉडेल हवेचे खोके पाडते. समजा, आपल्या वऱ्हाडावर १० किलोमीटर लांब-रुंद खोके मांडले, एकावर एक थर रचून. प्रत्येक खोक्याचा हिशेब किराणा दुकानाच्या वहीसारखा असतो: आधी किती होते, शेजारून किती आले, शेजारी किती गेले, आत किती नवे तयार झाले, रासायनिक क्रियेत किंवा पावसात किती संपले. एका खोक्यातून जितके गेले, तितकेच दुसऱ्यात जमा झाले पाहिजे. वही जुळली नाही, तर मॉडेल हवेतून वायू पैदा करील.

वेळेचाही नियम आहे. कुरांट, फ्रिडरिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी तो १९२८ मध्ये मांडला. नेहमीच्या साध्या पद्धतीत, हिशेबाच्या एका टप्प्यात वाऱ्याने एक खोका ओलांडून पुढे जाता कामा नये. सेकंदाला ५ मीटर वारा १० किलोमीटरचा खोका ३३ मिनिटांत पार करतो. वरच्या थरात ५० मीटरचा वारा असेल, तर सव्वातीन मिनिटांत. म्हणून खोका निम्मा केला की लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट आणि वेळेच्या टप्प्यांतही दुप्पट काम. म्हणजे आठपट. मे २०२५ मध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीमने हवामान अंदाजाचे खोके १२ वरून ६ किलोमीटरवर आणले. त्यामागे आयआयटीएमचा 'अर्क' हा महासंगणक आहे.

आता आपल्या भागाकडे या. अकोल्याच्या पश्चिमेला पारसचे ५०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. पावसाळ्यात वारा साधारण पश्चिमेकडून येतो, म्हणजे पारसकडून अकोल्याकडे. अमरावतीच्या ईशान्येला नांदगाव पेठला १,३५० मेगावॅटचे केंद्र आहे आणि हिवाळ्यात वारा बहुधा ईशान्य-पूर्वेकडून असतो. त्यातच थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा झाकण लावल्यासारखी कोंडते. उंच चिमणीचा धूर त्या झाकणाच्या वरून निघून जाऊ शकतो, पण गल्लीत पेटवलेला कचरा खालीच राहतो. हे सगळे मॉडेलमध्ये यावे लागते.

इथे एक गोम आहे. वायू खोक्यात शिरला की मॉडेल तो पूर्ण खोक्यात सारखा पसरलेला धरते. दहा किलोमीटरच्या एका खोक्यात जवळपास अख्खे शहर मावते. बंगल्यांची कॉलनी आणि भंगारच्या गोदामांची गल्ली, दोन्हींना एकच आकडा. 'हवा सगळ्यांची सारखीच' हे वाक्य खोक्यात खरे असते, गल्लीत नसते.

सरासरी काय झाकते, हे आपल्याला नवे नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने देशाची सरासरी फोडली. मुस्लिमांचे शिक्षण, नोकरी, बँकेचे कर्ज वेगळे मांडले. मगच चर्चेला पाय फुटले. हवेचीही सरासरी अशीच फोडावी लागेल.

दिल्लीची हवा-इशारा यंत्रणा २०१८ मध्ये सुरू झाली आणि आता ४०० मीटरच्या खोक्यांपर्यंत पोचली आहे. म्हणजे तंत्र आहे. अकोला आणि अमरावती ही दोन्ही शहरे २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत. म्हणजे मागण्याचा आधारही आहे. पण नुसते खोके लहान करून भागत नाही. कुठे काय जळते याची यादी मॉडेलला माणसांनीच द्यावी लागते. लाकडाची बेकरी, वीटभट्टी, प्लास्टिक जाळून तार काढणारे गोदाम यादीत नसेल, तर मॉडेलच्या लेखी तिथून निघणारा वायू शून्य. त्या धुरात राबणारा आपला पोरगाही मग त्या हिशेबात कुठेच नाही.

म्हणून तीन कामे सांगतो. पहिले, आपल्या वस्तीत काय, कुठे, किती वाजता जळते याची नकाशासह नोंद करा. कुणाचा रोजगार बंद पाडायला नाही. बेकरीवाल्याला गॅसची भट्टी परवडावी म्हणून मदत मागायलाही हीच नोंद लागेल. दुसरे, इंजिनिअरिंगच्या मुला-मुलींनी हायस्प्लिट वापरून पाहावे. हवा कुठून आली हे ते मोफत काढून देते. पुढे डब्ल्यूआरएफ-केम शिका, तेही मोफत आहे. तिसरे, ही नोंद घेऊन महापालिकेत जा आणि विचारा: स्वच्छ हवेच्या आराखड्यात आमची गल्ली कोणत्या पानावर आहे?

उत्तर लगेच मिळणार नाही. पण नोंद हातात असली, की 'तिथे काही नाही' असे म्हणणे अवघड होते.