हिंदु धर्माचा साक्षीदार कोण?



चालकांनीं आम्हांस विषय दिला तो आमच्या आवांक्यापेक्षां मोठा आहे. हिंदु धर्म निघाला कोठून, तो आहे कसा आणि परक्या लोकांनीं त्याचा अर्थ काय लाविला, हें सांगावयाचें. असल्या विषयाला शास्त्रीच पाहिजे अशी आपणांपैकीं कांहींची समजूत असेल. आमच्या मतें शास्त्रीबोवांचें पुष्कळ बोलून झालें आहे. आज घटकाभर शाळामास्तराचें ऐका.

प्रथम नांवाचा विचार करूं. ज्या नांवासाठीं लोक हमरीतुमरीवर येतात तें हिंदु हें नांव वेदांत नाहीं, उपनिषदांत नाहीं, गीतेंत नाहीं कीं मनुस्मृतींत नाहीं. नदीचें नांव सिंधु. पलीकडचे इराणी लोक स चा ह करीत. आपल्या सप्ताचें त्यांच्याकडे हप्त झालें. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता ज्या घराण्यांतला, त्याच घराण्यांतला हा हिंदु शब्द! इराणच्या दारयवहु बादशहाच्या इ. स. पूर्वीं ५०० च्या सुमाराच्या शिलालेखांत हिंदुश हें त्याच्या एका प्रांताचें नांव आहे. नदीकांठचा मुलूख एवढाच त्याचा अर्थ. पुढें अरबांनीं त्याला हिंद म्हटलें. सोळाव्या शतकांत आपल्या नाथमहाराजांनीं हिंदु-तुर्क संवाद रचिला, तोंवर हा शब्द आपल्याही तोंडीं बसला होता. त्याला इझमचें शेपूट लागलें तें अठराव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रजींत. आणि १८१६ च्या सुमारास राजा राममोहन रॉय यांच्यासारखे आपले लोकही तो शब्द लिहूं लागले.

नांव परक्यांनीं दिलें म्हणून लाज वाटण्याचें कारण नाहीं. गांवाचें नांव तरी गांवकरी कोठें ठेवितात? शेजारचे ठेवितात. आमचा प्रश्न निराळा आहे. परका आला आणि त्यानें विचारिलें, ‘बाबांनो, तुमचा धर्म कोणता?’ हें त्यानें विचारिलें कोणास? आणि आपणां सर्वांच्या वतीनें उत्तर दिलें कोणीं?

अलबेरुनी हा मोठा पंडित. गझनीच्या महमुदाच्या काळांत तो या देशांत आला, संस्कृत शिकला आणि १०३० च्या सुमारास त्यानें हिंदूंवर ग्रंथ लिहिला. मन स्वच्छ ठेवून लिहिलेला असा ग्रंथ परक्याच्या हातचा क्वचितच सांपडेल. परंतु त्याचे गुरु पंडित. तेव्हां मूर्तिपूजा ही खालच्या अडाणी लोकांसाठीं आहे, जाणत्यांचा देव निराकार आहे, असें तो लिहून गेला. त्या अडाण्यांपैकीं कोणाला त्यानें विचारिलें असतें तर त्यानें काय सांगितलें असतें, याची नोंद त्या ग्रंथांत नाहीं.

पुढें कंपनी सरकार आलें. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्ज यानें ठरविलें कीं, लग्न, वारसा वगैरे बाबतींत हिंदूंना त्यांच्या शास्त्राप्रमाणें न्याय द्यावा. शास्त्र कोणतें? तर कलकत्त्यास अकरा पंडित बसविले, त्यांनीं संस्कृतांत ग्रंथ जुळविला, त्याचें फारशी झालें, फारशीवरून हॅल्हेड साहेबानें इंग्रजी केलें आणि १७७६ साली तें लंडनांत छापलें. पखालीचें पाणी तिसऱ्या भांड्यांत ओतलें म्हणजे त्याला विहिरीची चव राहत नाहीं. १७९४ साली विल्यम जोन्स याचें मनुस्मृतीचें भाषांतर निघालें. जो ग्रंथ नांगरधाऱ्यानें कधीं ऐकला नव्हता, तो त्याच्या घरचा कायदा म्हणून साहेबाच्या टेबलावर येऊन बसला.

या विद्वानांची आम्ही निंदा करीत नाहीं. मॅक्समुल्लर साहेबानें हिंदुस्थानांत पाऊल घातलें नाहीं, पण १८४९ ते १८७४ पर्यंत खपून सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढिला. शूद्राच्या कानीं पडूं नये म्हणून ज्याला इतकें जपलें, तो वेद पैसे टाकील त्याला विकत मिळूं लागला. हे उपकार आम्ही विसरणार नाहीं. त्यांची चूक एवढीच कीं, पोथींत जें आहे तें खरें हिंदुत्व आणि पोथींत नाहीं तें बिघडलेलें, अडाण्यांचें, असें त्यांनीं धरून चालविलें. ही समजूत त्यांनीं विलायतेहून आणिली, आणि येथें तिला होकार देणारे तयार होते!

आपल्या मुंबई इलाख्यांत मात्र एक बरी गोष्ट घडली. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत स्टील नांवाच्या अंमलदारानें दख्खनांतील निरनिराळ्या जातींस त्यांच्या त्यांच्या चालीरीती विचारून १८२७ साली पुस्तक केलें. त्यांत पाट लावण्याची चाल आहे, काडीमोड आहे, जातपंचायतीचे निवाडे आहेत. त्याच सालच्या रेग्युलेशनांत सरकारी कायदा नसेल तेथें मुलखाची वहिवाट पाहावी असें लिहिलें होतें. पण कोर्टांत वहिवाट म्हणजे पुष्कळदां भटजीचें वतन ठरे. १८७० नंतर हायकोर्टानें असे निकाल दिले कीं, गांवजोशास न बोलावितां लग्न लाविलें तरी त्याचा हक्क त्याला पोंचता करावा! जोतीराव फुले यांनीं १८७३ साली सत्यशोधक समाज काढिला आणि भटाशिवाय लग्नें लाविलीं, तीं कशाविरुद्ध होतीं हें यावरून कळेल. या वतनी दक्षिणेला आळा घालणारा कायदा रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या खटपटीनें १९२६ साली झाला.

आतां १९११ च्या खानेसुमारीची मौज पाहा. खानेसुमारीचा अधिकारी गेट साहेब यानें हिंदु कोण हें ओळखावयास दहा कसोट्या काढिल्या. ब्राह्मणाचें श्रेष्ठत्व मानतो काय, वेद प्रमाण मानतो काय, मोठ्या देवांची पूजा करितो काय, देवळाच्या गाभाऱ्यांत त्याला जाऊं देतात काय, त्याचा विटाळ होतो काय, प्रेत पुरतो कीं जाळितो, असे ते प्रश्न. मध्यप्रांत-वऱ्हाडांत हिंदु म्हणून नोंदलेल्या लोकांपैकीं चवथा हिस्सा ब्राह्मणाचें श्रेष्ठत्व व वेदांचें प्रामाण्य मानीत नाहीं असें निघालें. यावर मोठा गिल्ला झाला. सरकारचा हेतु शुद्ध होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्या वेळीं कौन्सिलांतील जागांची वांटणी चालली होती. पण जे ओरडले त्यांनीं तरी काय केलें? ज्याला गाभाऱ्यांत घेत नव्हते, त्याला गणतींत मात्र सोडावयास ते तयार नव्हते.

मग हा धर्म निघाला कोठून? एका उगमापासून नव्हे, हें आतां उघड झालें आहे. मोहेंजोदारो-हडप्पाचा शोध १९२४ साली जाहीर झाला. ती नगरें वेदांच्या आधींचीं. त्यांची लिपी अजून कोणाला निर्विवाद वाचतां आलेली नाहीं. वेदांतील आर्य यज्ञ करीत. त्यांस देऊळ ठाऊक नव्हतें. इंद्र-वरुण त्यांचे मोठे देव; आज आपल्या गांवांत इंद्राचें देऊळ कोणीं दाखवावें! २०१९ साली राखीगढी येथील पुरातन सांगाड्याच्या रक्तबीजाची तपासणी प्रसिद्ध झाली, तींत उत्तरेकडील गवताळ मुलखांतल्या लोकांचा अंश नव्हता. तो अंश पुढें इ. स. पूर्वीं दोन हजार ते एक हजार या काळांत इकडे आला. म्हणजे जोतीरावांनीं गुलामगिरींत आर्य बाहेरून आले असें लिहिलें त्यांत तथ्य आहे. महासुभा म्हणजे म्हसोबा ही त्यांची व्युत्पत्ति भाषापंडितांस पटो न पटो, आमच्या म्हसोबाकडे इतिहासाचा साक्षीदार म्हणून त्यांनीं पाहिलें हें मोठें. पण त्याच शास्त्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१३ सालच्या तपासणीप्रमाणें सुमारें चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीं या देशांत सर्वांचें रक्त सर्वांत मिसळत होतें. नंतर तें मिसळणें बंद पडलें. निर्भेळ आर्य कोणी नाहीं आणि निर्भेळ अनार्यही कोणी नाहीं. भिंती मागाहून घातल्या आहेत.

पोथी सोडून पायवाटेनें गेलेले शोधकही झाले. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोंवतालच्या टेंकड्या हिंडले आणि शेंदूर फांसलेल्या देवींचीं ठाणीं व अश्मयुगांतील माणसांचीं बारीक हत्यारें पुष्कळ ठिकाणीं एकाच वाटेवर सांपडतात असें त्यांनीं १९६२ च्या पुस्तकांत दाखविलें. गुंथर सोन्थायमर हा तर जर्मन. तो मराठी शिकला, धनगरांच्या वाड्यांवर राहिला, बिरोबाच्या ओव्या ऐकल्या आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावर ग्रंथ लिहिला. परका असूनही त्यानें विचारिलें तें योग्य माणसास.

असाच एक परदेशी पाहुणा मागें आमच्या यात्रेस आला होता. देवाचें वर्णन कोणत्या पुराणांत आहे, असें त्यानें आमच्या मार्फत म्हाताऱ्या गुरवबाबांस विचारिलें. बाबा म्हणाले, ‘मास्तर, त्याला सांगा, पुराण सांगणारा बामण गांवांत आला तवा देव हितं बसलेलाच हुता.’ पाहुण्यानें तें वहींत टिपून घेतलें. आम्हीही टिपून घेतलें.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी आज कशाला? तर स्वराज्यांतला दाखला घ्या. अहमदाबादेकडील स्वामीनारायण पंथाच्या लोकांनीं कोर्टांत म्हटलें कीं, आम्ही हिंदु नव्हेत, सबब मंदिरप्रवेशाचा कायदा आमच्या मंदिरांस लागू नाहीं. १४ जानेवारी १९६६ रोजीं सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांनीं तें म्हणणें फेंटाळिलें. मंदिरें हरिजनांस मोकळीं झालीं. निकाल उत्तम! परंतु हिंदु कोण हें ठरवितांना निकालपत्रांत उतारे आले ते मोनियर विल्यम्स, राधाकृष्णन् अशांच्या ग्रंथांतले, आणि शेवटीं टिळकांची व्याख्या पसंत पडली. तिची पहिलीच अट वेदांविषयीं प्रामाण्यबुद्धि. आमच्या वाडीवरच्या मेंढक्यानें वेद पाहिलेला नाहीं. त्याचा बिरोबा त्या व्याख्येंत बसतो तो कोणत्या कोपऱ्यांत? झारखंडाकडील आदिवासींनीं तर २०११ च्या खानेसुमारींत धर्माच्या रकान्यांत सरळ सरना असें लिहविलें. त्यांची संख्या ४९ लाखांवर गेली.

आतां आमच्या पेशाची एक गोष्ट सांगतों. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांचा १९०९ साली खून झाला, त्यांना लोककथांचा नाद होता. त्यांनीं गांवोगांवच्या शाळामास्तरांस प्रश्नावली धाडिली होती : तुमच्या गांवीं देव कोणते, रोगराई आली म्हणजे काय करितां, भुताखेतांविषयीं काय समजुती आहेत. मास्तरांनीं उत्तरें लिहून पाठविलीं. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन साहेबानें तीं जुळवून १९१४-१५ च्या सुमारास गुजराथ व कोंकण असे दोन भाग छापिले. कोंकणच्या भागांत वेताळ आहे, गांवदेवी आहे, नवस आहेत, कोंबडें-नारळ आहे. खालीं टीपेंत बहुतेक ठिकाणीं एवढेंच : अमुक गांवचा शाळामास्तर. नांव नाहीं. पण येथें पंडितास न विचारतां गांवास विचारिलें गेलें, आणि लिहिणारे आपल्यासारखे नोकरीस लागलेले लोक होते. त्यांनीं आपल्या शेजाऱ्यांना कोठें कोठें भोळे, अज्ञ म्हटलें असेल. साहेबासाठीं लिहितांना हात तसा वळतो. आपल्यासाठीं लिहितांना तो वळण्याचें कारण नाहीं.

म्हणून वरच्या वर्गांतील मुलांस आम्ही या महिन्यापासून एक काम दिलें आहे. प्रत्येकानें घरच्या आजीला विचारून वहींत लिहावयाचें : कुळदैवत कोणतें, तें कोठून आलें, देवक कोणतें, झाडाचें कीं पिसाचें, पूजा कोण करितो, नैवेद्य काय, आणि त्या ठाण्यावर कोणास जाऊं देत नाहींत. हा शेवटचा प्रश्न गाळावा असें दोघां-तिघां पालकांनीं आम्हांस सुचविलें. तो आम्ही गाळणार नाहीं. ज्यांच्या आज्या अजून आहेत त्यांनीं उद्यांच बसावें. वह्या पोळ्याच्या आंत शाळेंत पोंचल्या पाहिजेत.