धास्तीचे दुखणे

१९७६ च्या डिसेंबरात भांडारकर रस्त्यावर ८८ वर्षांच्या काशिनाथशास्त्री अभ्यंकरांसह पाच जणांचे खून झाले, तेव्हा दिवेलागणीला पुणे दारे लावून बसे. ते मारेकरी १९८३ मध्ये येरवड्यात फासावर गेले. पण बुधवार पेठेतल्या वृद्धांची आजची धास्ती रोजची आहे: तापकीर गल्लीतल्या हातगाड्या-दुचाकींच्या रेट्यात कुणी गळ्यातले ओढले तर? मंगळसूत्र पदराखाली दाबून तुळशीबागेतल्या रामाला जाणारी आजी एक दिवस जाणेच सोडते आणि घरच्यांना हायसे वाटते. पण तेवढेच तिचे चालणे असते, तेवढाच चार माणसांशी शब्द. ते थांबले की गुडघे आखडतात, झोप उडते, मन खचते. लंडनच्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल पाहणीत २००७ मध्ये हेच आढळले: गुन्ह्याची भीती जास्त असणारे व्यायाम कमी करत, मित्रांना कमी भेटत, आणि त्यांच्यात नैराश्य जवळपास दुप्पट होते. म्हातारी माणसे उगाच घाबरतात, असे कोणी म्हणेल. पण रक्तदाब काही गुन्ह्यांचे आकडे पाहून चढत नाही. आणि एका धक्क्याने खुबा मोडला तर अंथरूण धरावे लागते, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

बरे, दार लावले म्हणजे सुटका झाली, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने साठीपुढच्या सहांपैकी एकाला वर्षभरात कसला ना कसला छळ सोसावा लागतो, आणि छळणारे अनेकदा घरचेच असतात. जी बाई देवळात दिसतच नाही, तिच्या दंडावरचा वळ कोणाला दिसणार? अमेरिकेत न्यू हेवनच्या २,८१२ वृद्धांचा १३ वर्षे मागोवा घेतला गेला. छळ सोसलेल्यांपैकी अखेरीस ९ टक्के हयात होते. ज्यांच्याबाबत कधी तक्रारच आली नव्हती, त्यांच्यापैकी ४० टक्के. छळ सोसलेले आधीच आजारी असतील, हा आक्षेप रास्त आहे; पण वय, आजार, परावलंबन जमेस धरूनही फरक उरलाच.

म्हणून डॉक्टरांनी रक्तदाब मोजताना घरच्यांना जरा बाहेर बसवून विचारावे: घरात कुणाची भीती वाटते का? उत्तर हो आले, तर वाटा आहेत: आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने त्यांना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेले घरही सांभाळ न झाल्यास परत मागता येते. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा फोन विनामूल्य आहे. शेजारच्या आजी चार दिवस दिसल्या नाहीत, तर जिना चढून चौकशी करा.