४८ तासांचा बहिष्कार



ज्यांच्या श्रमांवर संस्था उभी राहते, त्यांना तिच्या कारभारात अधिकार किती? अमेरिकेतील ‘रेडिट’ या चर्चापीठाचे उदाहरण घ्या. तेथील हजारो चर्चागट सांभाळणारे सेवक एका पैचाही मोबदला घेत नाहीत. २०२३ साली कंपनीने बाहेरच्या ॲपांवर जबर आकार लादला. ‘अपोलो’ या ॲपच्या निर्मात्याने वर्षाचा खर्च सुमारे दोन कोटी डॉलर होईल असे सांगितले व ३० जूनला ॲप बंद केले.

सर्वांत मोठा आघात अंधांवर होता. कंपनीचे स्वतःचे ॲप मजकूर वाचून दाखविणाऱ्या सोयीशी नीट जुळत नसे. बाहेरची ॲपे गेली तर मोबाइलवरून आम्हांस आमचा गटही सांभाळता येणार नाही, असे अंध सेवकांनी निक्षून सांगितले. तेव्हा अंधांच्या सोयीच्या काही ॲपांना आकार माफ झाला. ही मेहेरबानी होती. अधिकार तो नव्हे.

१२ जूनला ८,००० हून अधिक गटांनी दारे लावून घेतली. पण बहुतेकांनी मुदत आधीच जाहीर केलेली: ४८ तास! मुख्याधिकारी स्टीव्ह हफमन यांनी नोकरवर्गास कळविले की, हेही वादळ ओसरेल. बंदची अखेर ज्याला ठाऊक आहे, तो कशाला डगमगेल? ज्यांनी बंद लांबविला, त्यांना पदावरून दूर करण्याचा इशारा मिळाला. बहुतेक गट उघडले.

मार्च २०२४ मध्ये कंपनीचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात आले. काही बिनपगारी सेवकांनाही ते घेण्याची संधी देण्यात आली. अर्थात, पैसे मोजून!