टपावरची शेती



वापराबाहेर पडलेली वाहने आणि जिवंत रोपे यांच्या मेळातून उभी राहणारी कला ही पर्यावरणकलेची, म्हणजे निसर्गालाच विषय आणि माध्यम मानणाऱ्या कलेची, शाखा असून तिचे सर्वांत बोलके उदाहरण सप्टेंबर २०२१ मध्ये बँकॉकच्या टॅक्सी कामगारांनी घडवले. कोरोनाच्या निर्बंधांमुळे प्रवासी नाहीसे झाले, चालक गाड्या सोडून गावी परतले आणि दोन सहकारी संस्थांच्या आवारात टॅक्सी धूळ खात पडल्या. तेव्हा कामगारांनी टपांवर बांबूच्या चौकटी मांडल्या, त्यांवर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या ताणून माती पसरली आणि टोमॅटो, काकडी, शेंगभाजी लावली. बुडालेल्या धंद्याकडे सरकारचे लक्ष वेधणारा तो निषेध होता आणि ताटातल्या भाजीची सोयही होती. पोट आणि कला यांची एवढी सरळ सांगड कलादालनांत क्वचितच आढळते.

याच पर्यावरणकलेत त्याआधी जर्मन कलावंत योसेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये कासेल शहरात ७,००० झाडे लावण्याचा संकल्प सोडला आणि प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्टचा, म्हणजे दख्खनच्याच जातीच्या काळ्या पाषाणाचा, स्तंभ रोवण्याचे ठरवले. शेवटचे झाड १९८७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर लागले. जिवंत माध्यमातली कलाकृती उद्घाटनाने पूर्ण होत नाही, जोपासणाऱ्यांच्या हातून ती घडत राहते, हे तिचे खरे वेगळेपण होय.

नागऱ्यासारख्या धानाच्या गावातल्या शाळेत या कलेला परक्या रोपांची गरज नाही. चाके गेलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या तळाला छिद्रे पाडून, खडीचा थर देऊन, वर बांधीतली, म्हणजे धानाच्या खाचरातली, माती आणि शेणखत पसरल्यास तिच्यात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, टाकता येतात आणि पावसाळा सरल्यावर रब्बीत तिथेच लाखोळी पेरता येते. मात्र जुन्या मोटारीचा उपयोग करायचा असल्यास इंजिनातले तेल आणि बॅटरी आधी काढावी लागते, कारण बॅटरीतले शिसे मातीत उतरले की तिथला भाजीपाला खाण्यालायक राहत नाही. शिवाय एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाच्या पुढे जात असल्याने टपाला मातीचा पातळ थरच पेलतो, आणि पाणी साचून डास होऊ नयेत यासाठी निचऱ्याची वाट मोकळी ठेवावी लागते. मृगाच्या पावसाने ओढ दिली तर पऱ्ह्यांना पाणी घालण्याची पाळी कोणत्या वर्गाची, हे मातीची पहिली पाटी ट्रॉलीत पडण्यापूर्वीच शाळेच्या फळ्यावर लिहिलेले असावे.