रानच्या लिली आणि त्यांचे बी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, की आठ-पंधरा दिवसांत डोंगरउतारावर एक मौज दिसते. कालपर्यंत जिथे वणव्याने काळवंडलेला कातळ आणि जळकी गवताची खुंटे होती, तिथे जमिनीतून दांडे वर येतात आणि त्यांवर पांढरी फुले उमलतात. गावकरी त्यांना रानकांदा म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. मुंबईहून आलेले हौशी बागवाले त्यांना लिली म्हणतात आणि कुदळ कुठे मिळेल म्हणून विचारतात. आज मला सांगावयाचे आहे ते या कुदळीविषयी, आणि तिच्याऐवजी आपल्याला काय करता येईल त्याविषयी.

प्रथम नावाचा घोळ मिटवू या. शास्त्रात जिला खरी लिली म्हणतात, ती लिलियम, आपल्या महाराष्ट्राच्या सह्याद्रीत रानटी उगवत नाही. तिच्यासाठी निलगिरीला जावे लागेल, हिमालयात जावे लागेल, नाही तर मणिपूरच्या शिरुई डोंगरावर. तिथली शिरुई लिली किंग्डन-वॉर्ड या वनस्पतिशोधकाने १९४६ साली गोळा केली आणि तिला त्याच्या पत्नीचे नाव मिळाले. आपल्याकडे आहेत त्या लिलीच्या नात्यागोत्यातल्या: कळलावी, मुसळी, आणि क्रायनम व पॅन्क्रॅशियम ही लॅटिन नावे घेऊन बसलेले रानकांदे. पूर्वीच्या पुस्तकांतून यांतल्या पुष्कळांची गणना लिलीच्याच कुळात होई. अलीकडे शास्त्रज्ञांनी घराच्या वाटण्या केल्या. कळलावी वेगळी निघाली, मुसळी शतावरीच्या घरी गेली, आणि क्रायनम कुठे गेले म्हणाल, तर आपल्या जेवणातल्या कांद्याच्या घरी! म्हणजे गावकऱ्यांचा ‘रानकांदा’ अगदीच चूक नव्हता म्हणावयाचा.

या भागातल्या वनस्पतींची नोंद काही आजची नाही. खोपोलीवरून बोरघाट चढला की वर खंडाळा. तिथल्या वनस्पतींवर फादर सांतापाव यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. हे मूळचे स्पेनचे, मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात शिकवीत, आणि पुढे भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. याच सांतापावांनी फर्नांडिस यांच्यासह १९५५ च्या सुमारास मुसळीची एक नवी जात शास्त्राला ओळखीची करून दिली आणि ती सापडली त्या बोरिवलीचे नाव तिला दिले. आता बघा, बोरिवलीला आपण स्टेशन म्हणून ओळखतो, पण जगभरच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत ते नाव सफेद मुसळीमुळे आहे.

पुढे तिचे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. मुसळीची मुळे औषधी, पौष्टिक म्हणून त्यांना मागणी आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तर मुसळीच्या शेतीची लाटच उठली. लागवडीसाठी बेणे हवे, आणि बेणे रानात फुकट! डोंगरचे डोंगर खणले गेले. मुसळीच्याच घराण्यातली फोडशी, कोणी तिला कुलूची भाजी म्हणतात, ती आमच्या ठाकर आणि कातकरी बायका पिढ्यानपिढ्या खुडून नेरळ-कर्जत-खोपोलीच्या बाजारात जुड्या विकीत आल्या आहेत. तरी फोडशी संपली नाही. कारण उघड आहे. त्या कोवळे पान घेतात, मूळ जमिनीत ठेवतात. पाने पुन्हा फुटतात. मूळ उपटणाऱ्याने मात्र पुढल्या वर्षाचीही भाजी उपटलेली असते.

आणि आता कुदळीपेक्षा मोठे हत्यार आले आहे. मुंबई-पुण्याच्या लोकांना फार्महाऊस हवे, म्हणून उतार सपाट करून प्लॉट पाडले जातात. वणवा आला तरी कांदा वीतभर खोल झोपलेला असतो, त्याला धग पोचत नाही. जेसीबी यंत्राला मात्र वीतभर माती म्हणजे काहीच नाही. अशा वेळी ज्या जाती आधीच मोजक्या जागी उरल्या आहेत, त्यांचे कसे व्हावे? महाबळेश्वरचे एक उदाहरण सांगतो. गणेशखिंडीच्या बागेचे वुड्रो साहेब यांच्या नावाचे एक क्रायनम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते नोंदले गेले आणि मग सुमारे शंभर वर्षे कोणाच्या दृष्टीस पडले नाही. २००४ च्या सुमारास ते पुन्हा सापडले. शतकभर ते डोंगरात होतेच. त्या उतारावर कोणी प्लॉट पाडले नाहीत हे आपले नशीब.

तेव्हा बी घ्यावे. कांदा घेतला तर रानातले एक झाड कमी होते. बी थोडे घेतले, म्हणजे एका बोंडातले निम्मे, आणि तेही जिथे बरीच झाडे फुललेली आहेत तिथलेच, तर रानाला ते जाणवत नाही. वनखात्याच्या जमिनीवर मात्र बियांनासुद्धा परवानगी लागते हे विसरू नये. माथेरानचा सारा परिसर २००३ सालापासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. स्वतःच्या बांधावर, ओळखीच्या शेतकऱ्याच्या कुंपणावर पाहा, पुष्कळ मिळेल. दुर्मिळ जात दिसली तर तिची जागा चारचौघांत सांगू नये. मीही इथे सांगणार नाही.

आता बियांचे स्वभाव. क्रायनमचे बी उतावळे. पावसाच्या तोंडाशी फूल येते, रुंद पाकळीच्या मधोमध गुलाबी पट्टा असतो. पुढे फळाच्या भाराने दांडा जमिनीवर लोळतो. आत दिसते ते बी म्हणजे जणू लहानसा बटाटाच: हिरवट, मांसल, वर कवच नाहीच. हे वाळवू नये आणि डबीत घालून ठेवू नये. फडताळात ठेवलेत तर पाण्याशिवाय, मातीशिवाय तिथेच मोड काढील. मोडाचा जाड देठ आधी खाली वळतो आणि त्याच्या टोकाशी इवलासा कांदा तयार होतो. म्हणून ते मातीत पुरावयाचे नाही, नुसते ओल्या मातीवर टेकवावयाचे. आपली जागा ते आपण शोधते.

पॅन्क्रॅशियमचे बी काळे, कंगोऱ्यांचे. तेही ताजे असतानाच, त्याच पावसात पेरावे. मुसळीचे बी काळे, कांद्याच्या बियांसारखेच, पण ते लहरी आहे. शंभर पेरले आणि वीस उगवले तरी समाधान मानावे. शेतकरी बियांच्या वाटेला न जाता बेणे लावतात ते याचमुळे.

कळलावी ही सगळ्यांत सावकाश. आषाढ-श्रावणात कर्जतच्या कुंपणांवर तांबड्या-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले दिसतात ती हीच. पानाच्या टोकाचीच तणावे करून ती वर चढते. दिवाळीच्या मागेपुढे बोंड तीन कप्प्यांनी उकलते आणि आत शेंदरी-तांबडे गोल दाणे दिसतात. हे दाणे पेरले म्हणून लगेच उगवत नाहीत. आतला अंकुर अजून पुरता वाढलेला नसतो. तो कित्येक महिने झोपतो. दाणे कोरडे करून कागदाच्या पुडीत ठेवावे आणि वळवाचा पाऊस झाला की पेरावे. काही त्या पावसात येतील, काही पुढल्या वर्षी. कुंडी रिकामी दिसते म्हणून माती फेकून देऊ नका. पहिल्या वर्षी गवताच्या पात्यासारखे एकच पान येते आणि सुकते. ते मेले नाही. खाली हरभऱ्याएवढा कंद झालेला असतो. फुलाला तीन-चार वर्षे लागतात.

कुंडी मातीचीच घ्यावी, खोल. तळाशी खापऱ्या, त्यांवर मुरूम, वर लाल माती आणि कुजका पालापाचोळा. शेण ताजे मुळीच नको, कंद सडतो. आमच्याकडचा पाऊस म्हणजे काही पुण्याचा पाऊस नव्हे. वळचणीची धार कुंडीत पडली तर दुसऱ्या दिवशी बी अंगणात सापडेल. कुंडी पागोळ्यांच्या आत, उजेडात ठेवा. दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू बंद करा. उन्हाळाभर माती कोरडी राहू द्या. रानात तरी वैशाखात त्यांना कोण पाणी घालीत असते? हौशी माणसाच्या हातून कंद मरतात ते पुष्कळदा प्रेमाने घातलेल्या पाण्यामुळे. पत्र्याच्या पट्टीवर तेलरंगाने नाव आणि तारीख लिहून कुंडीत खोचा.

पानांवर काळ्या अंगाच्या, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांच्या अळ्या येतात. एका रात्रीत खोड बोडके करतात. सकाळी हाताने वेचा. जमिनीत लावलीत तर साळिंदराचे आणि रानडुकराचे भय असते. वर दगड रचून ठेवणे एवढाच उपाय.

एक गोष्ट मात्र फार काळजीने सांगावयाची. कळलावी सर्वांगाने विषारी आहे, विशेषतः कंद आणि बी. तिच्यातल्या कोल्चिसिन या द्रव्यापासून संधिवाताच्या एका प्रकारावर औषध करतात, त्यासाठी तमिळनाडूत तिची शेतीही होते; पण ते कारखान्यात मोजूनमापून केलेले औषध आहे. कंदाचा तुकडा पोटात गेल्याने माणसे दगावली आहेत. घरी लहान मूल किंवा मोकळे गुरू असेल तर ती लावूच नये. बी हाताळल्यावर हात धुवावे, आणि पुडीवर ‘विष’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे. ‘कळलावी घरात लावली की भांडणे होतात’ असे जुनी माणसे म्हणत. भांडणांचे मला ठाऊक नाही, पण मुलांना तिच्यापासून दूर ठेवण्याची ती सोय चांगली होती.

फुले आली की दोन झाडे तरी शेजारी असू द्या. कळलावीच्या फुलाचा मधला दांडा मुळातच काटकोनात बाहेर वळलेला असतो, त्यामुळे स्वतःचे पराग स्वतःला सहसा लागत नाहीत. फुलपाखरे आणि सूर्यपक्षी ते काम करतात. गॅलरीतल्या कुंडीपाशी ती आली नाहीत, तर सकाळी मऊ कुंचल्याने तुम्हीच एका झाडाचे पराग दुसऱ्याला लावा. बोंड पिवळे पडू लागले की त्याभोवती मलमलीची सैल पुरचुंडी बांधा, म्हणजे उकलताना दाणे सांडणार नाहीत. त्यांतले निम्मे स्वतःला ठेवून उरलेले, पुडीवर तारीख घालून, ज्याच्या बांधावरून पहिले बोंड आणले होते त्याला परत नेऊन द्या.