घरच्या घरीं व्हॉल्व्हचा मायक्रोफोन

स्वर हवेंत उमटतो आणि क्षणार्धांत विरून जातो. तो विरण्यापूर्वीं विद्युत्‌रूपानें पकडणारें यंत्र म्हणजे मायक्रोफोन. त्यांतला व्हॉल्व्हवर चालणारा कंडेन्सर मायक्रोफोन फार महाग, सबब तो सामान्य गृहस्थाच्या आवाक्यांतला नव्हे, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज अर्धाच खरा आहे. रेडिओच्या जोडणीचा थोडा सराव असलेला मनुष्य स्वस्त सामान जमवून तो घरीं तयार करूं शकतो. मात्र काटकसर कोठें चालते आणि कोठें चालत नाहीं, हें त्यास आधीं कळलें पाहिजे.

या मायक्रोफोनची कल्पना जुनी आहे. ई. सी. वेंटे या अमेरिकन शास्त्रज्ञानें ती १९१७ सालीं प्रसिद्ध केली. ताणून बसविलेला एक पातळ पडदा, त्यामागें धातूची चकती, आणि दोहोंमध्यें केसाच्या जाडीहूनहि कमी अंतर, अशी त्याची रचना असते. या जोडीस सुमारें ६० व्होल्टचा दाब देऊन ठेवितात. आवाजानें पडदा हालला कीं हें अंतर कमीअधिक होतें आणि त्याबरोबर विद्युद्दाबहि कमीअधिक होतो.

परंतु या जोडीची विद्युत् सांठविण्याची शक्ति अवघी ६० पिकोफॅरडच्या आसपास असते. आच्छादित तारेच्या एका मीटरची तीच शक्ति सुमारें १०० पिकोफॅरड भरते. पडद्यास अशी तार थेट जोडली, तर मूळचा संदेश चाळीस टक्क्यांहूनहि खालीं येतो. म्हणून पडद्याच्या अगदीं शेजारीं व्हॉल्व्ह बसवावा लागतो. तो आपल्या ग्रिडवर जवळजवळ कांहींच भार न घेतां तो नाजूक संदेश उचलतो. पुढें ट्रान्स्फॉर्मर तो लांब तारेंतून जाण्याजोगा करतो. दहास एक वेढ्यांचा ट्रान्स्फॉर्मर दाब दहावा हिस्सा करतो खरा, पण रोध शंभरावा हिस्सा करतो, आणि हाच लाभ येथें महत्त्वाचा.

आतां काटकसरीविषयीं. व्हॉल्व्ह दुर्मिळच हवा असें नाहीं. जुन्या रेडिओ संचांतले लहान पेंटोड ट्रायोडप्रमाणें जोडून चालतात. मात्र चार-सहा नग तपासून ज्याची खरखर सर्वांत कमी तो निवडावा. पडदा घरीं करण्याचा हव्यास धरूं नये. चीनमध्यें तयार झालेल्या ३४ मिलिमीटरच्या बऱ्या चकत्या आज माफक किंमतींत मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हिंडल्यास रोधक, कंडेन्सर, व्हॉल्व्हची बैठक यांची सोय होते. कवचास पितळेची नळी आणि तोंडास चहाच्या गाळणीची जाळीहि पुरते. मात्र कवच धातूचें असून भूमीशीं जोडलेलें असावें, नाहींतर दिव्याच्या प्रवाहाची घुमघुम आवाजांत शिरते.

काटकसर चालत नाहीं ती ग्रिडच्या जोडणींत. तेथील रोधक १००० मेगओमचा असतो. सोल्डरचा चिकटा, बोटाचा घाम किंवा दमट धूळ यांतून प्रवाहास वाट मिळाली आणि रोध १ मेगओमवर उतरला, तर सुमारें २६५० आवर्तनांखालचे स्वर क्षीण होत जातात. म्हणजे माणसाच्या बोलण्याचा मूळ गाभाच नाहींसा होऊन केवळ किनरा सूर उरतो. यास्तव हा रोधक उघड्या बोटांनीं धरूं नये, जोडणी हवेंत अधांतरीं किंवा टेफ्लॉनच्या खुंटीवर करावी आणि शेवटीं आयसोप्रोपिल अल्कोहोलनें धुवावी. कोंकणपट्टींत पावसाळ्याचे चार महिने मायक्रोफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यांत ठेवावा. या दक्षतेस पैसा लागत नाहीं, आणि पैशानें ती विकतहि मिळत नाहीं.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. व्हॉल्व्हच्या प्लेटकडे १०० व्होल्टहून अधिक दाब जातो आणि वीजपुरवठ्याच्या पेटींतले कंडेन्सर बटण बंद केल्यावरहि तो धरून ठेवितात. त्यांच्यावर निचऱ्याचा रोधक कायमचा जोडावा, पेटींत फ्यूज घालावा, आणि व्होल्टमापकाचा कांटा शून्यावर आल्याखेरीज आंत हात घालूं नये. प्रथमच असें काम करणाऱ्यानें जाणकार सोबती जवळ असल्यावांचून पेटी उघडूं नये.

इतकें सांभाळल्यावर तयार झालेला मायक्रोफोन नामांकित यंत्राची बरोबरी करीलच असें नाहीं. पण घरांतल्या आजीबाईंच्या ओव्या, त्यांचा मध्येंच घेतलेला श्वास आणि शब्दांवरचा हेल तो पुढच्या पिढीसाठीं नीट टिपून ठेवील. असले कंठ फार दिवस थांबत नसतात. म्हणून पहिलें ध्वनिमुद्रण त्यांचेंच करावें.