न्यायमूर्ती केशवराव कोरटकर : घर आणि लोकसेवा

(सेलू, जिल्हा परभणी येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



आपल्या सेलूच्या रेल्वे स्थानकावर उभे राहिले की लोहमार्गाचे एक टोक मनमाडकडे जाते आणि दुसरे परभणी, नांदेडवरून हैदराबादच्या दिशेने जाते. एकोणिसावे शतक संपता संपता हा मार्ग झाला. त्या काळी मराठवाड्याच्या पाचही जिल्ह्यांचे तोंड हैदराबादकडे होते. उच्च शिक्षण, सरकारी नोकरी आणि शेवटचे अपील या तिन्ही गोष्टींसाठी इथल्या माणसाला निजामाच्या राजधानीची वाट धरावी लागे. आज ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे, ते न्यायमूर्ती केशवराव कोरटकर तर हा लोहमार्ग होण्यापूर्वीच्या काळात वाढले. त्यांचा जन्म १८६७ साली वसमत तालुक्यातील पुरजळ या गावी झाला. वसमत तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. १९९९ साली हिंगोली जिल्हा निर्माण झाल्यावर तो त्या जिल्ह्यात गेला. केशवराव आपल्याच मातीतले होते, हे सांगावयाचे म्हणून एवढा तपशील दिला.

मला नेमून दिलेला विषय ‘वकिली, लोकसेवा आणि कुटुंब’ असा आहे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे आणि कायद्याचे शिक्षण माझ्या गाठी नाही. परंतु शासकीय सेवेत बरीच वर्षे घालविल्यामुळे या विषयातील तिसरा शब्द मला अधिक जवळचा वाटतो. मागे एकदा दौऱ्यावरून रात्री उशिरा घरी परतलो, तेव्हा टेबलावर मुलीचे प्रगतिपुस्तक ठेवलेले दिसले. त्यात ‘वडिलांची सही’ असे छापलेल्या जागी तिच्या आईची सही होती. शाळेने मुदत दिलेली होती, आणि मी गावोगावी जाऊन मुलांच्या शिक्षणाचे महत्त्व सांगत फिरत होतो! त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. लोकांचे काम करणाऱ्या माणसाने घरासाठी नेमके काय करावयाचे? या प्रश्नाचा विचार करताना मला केशवरावांच्या जीवनाची आठवण होते.

केशवरावांनी वकिलीचा व्यवसाय प्रथम गुलबर्गा येथे आणि पुढे हैदराबाद येथे केला. हा व्यवसाय त्या काळी सोपा नव्हता. १८८४ च्या सुमारास हैदराबाद संस्थानात फारसीच्या जागी उर्दू ही न्यायालयांची व राज्यकारभाराची भाषा झाली. घरी मराठी बोलणाऱ्या, खेड्यात जन्मलेल्या तरुणाला आपल्याच गावकऱ्याचे गाऱ्हाणे न्यायासनापुढे मांडण्यासाठी परकी भाषा आत्मसात करावी लागे. तेलुगू आणि कन्नड भाषकांची स्थितीही याहून वेगळी नव्हती. ज्याची जमीन वादात आहे, त्याला स्वतःच्या दाव्यात काय लिहिले आहे हे कळत नसे. अशा राज्यात पक्षकाराच्या दृष्टीने वकील म्हणजे कायद्याचा जाणकार आणि त्याचबरोबर दुभाषी होता. या स्थितीतून मार्ग काढून केशवराव नामांकित वकील झाले आणि पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

वकिलीत पैसा होता आणि न्यायाधीशपदात प्रतिष्ठा होती. एवढ्यावर थांबले असते तरी घराचे कल्याण झाले असते आणि कोणी त्यांना बोल लावला नसता. परंतु त्यांनी आपला वेळ आणि वजन सार्वजनिक संस्थांसाठी खर्च केले. हैदराबादच्या सुलतान बाजारातील आर्य समाजाची स्थापना १८९२ साली झाली. त्या समाजाचे नेतृत्व त्यांनी दीर्घकाळ केले. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेकवर्धिनी या शिक्षणसंस्थांच्या उभारणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. संस्थानात सरकारी शाळा थोड्या आणि मातृभाषेतून शिकण्याची सोय त्याहून थोडी, अशा काळात मराठी मुलांसाठी खाजगी शाळा उभी करणे म्हणजे परवानगी, पैसा आणि शिक्षक या तिन्हींसाठी झगडणे होते. आपल्या सेलूतही ‘नूतन’ हे नाव शिक्षणाशीच निगडित आहे, हे मी आपणास सांगावयास नको.

आता मी मूळ मुद्द्याकडे वळतो. केशवरावांचे कुटुंबप्रेम कोठे दिसते? माझ्या मते ते एका कठोर वाटणाऱ्या निर्णयात दिसते. आपला मुलगा विनायक याला त्यांनी हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडी येथे शिक्षणासाठी पाठविले. गंगेच्या काठी हे गुरुकुल १९०२ साली सुरू झाले. त्याचे संस्थापक महात्मा मुन्शीराम, म्हणजे पुढचे स्वामी श्रद्धानंद, हे जालंधरचे वकील होते, आणि त्यांनी स्वतःची दोन्ही मुले प्रथम आपल्या गुरुकुलात घातली होती. तेथील नियम कडक होते. मूल लहान वयात दाखल व्हावयाचे आणि शिक्षण पुरे होईपर्यंत वर्षानुवर्षे तेथेच राहावयाचे, मध्ये घरी यावयाचे नाही, अशी रीत होती. गरीब-श्रीमंत, उच्च-नीच असा भेद न ठेवता सर्वांना एकच अन्न आणि एकच वस्त्र मिळे.

बंधू-भगिनींनो, हैदराबाद ते हरिद्वार हे अंतर आजही थोडे नाही. त्या काळी ते किती मोठे असेल, याची कल्पना आपण करू शकता. राजधानीतील नामांकित वकिलाच्या मुलाला उर्दू-इंग्रजी शिकवून दरबारी नोकरीला लावणे हा सरळ मार्ग होता. तो सोडून वडिलांनी मुलाला दूर धाडले. हे प्रेम की निष्ठुरता, असे कोणी विचारील. मलाही तो प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर पूर्णपणे एका बाजूला झुकते असे मी म्हणणार नाही. लेकराला इतकी वर्षे डोळ्यांआड करताना आईला काय वाटले असेल, हा विचारही मनात आल्यावाचून राहत नाही. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा आयांच्या वाट्याला सहसा एखादी ओळही येत नाही. सार्वजनिक कामाची किंमत घरातील बायकामुले मोजतात, आणि पावती मात्र पुरुषाच्या नावाने फाटते, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

तरीही या निर्णयात एक सूत्र आहे. दुसऱ्यांच्या मुलांनी आपल्या विचाराच्या शाळेत शिकावे आणि स्वतःच्या मुलाने वेगळ्या वाटेने जाऊन लाभ घ्यावा, असा दुटप्पीपणा केशवरावांनी केला नाही. जे व्यासपीठावरून सांगितले, त्याची पहिली परीक्षा त्यांनी आपल्या घरी घेतली. शिक्षक मंडळी येथे बहुसंख्येने आहेत. आपल्या शाळेत आपले स्वतःचे मूल शिकते काय, हा प्रश्न पालक आपणास उघड विचारणार नाहीत, पण मनात तो धरून असतात.

विनायकरावांनी गुरुकुलाची ‘विद्यालंकार’ ही पदवी मिळविली, इंग्लंडला जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि हैदराबादला परत आले. केशवराव १९३२ साली निवर्तले. मुलाला वारसा मिळाला तो वडिलांनी हाती घेतलेल्या कामाचा. १९३८-३९ साली धार्मिक आणि नागरी स्वातंत्र्यासाठी निजाम राजवटीविरुद्ध आर्य सत्याग्रह झाला. त्यासाठी एकामागून एक सर्वाधिकारी नेमले गेले, आणि आठवे सर्वाधिकारी म्हणून विनायकराव विद्यालंकार यांची निवड झाली होती. त्यांची पाळी येण्यापूर्वीच, १९३९ च्या ऑगस्टमध्ये, समझोता होऊन सत्याग्रह थांबला. पुढल्याच वर्षी, १९४० साली, वडिलांच्या स्मरणार्थ हैदराबादेत केशव स्मारक विद्यालय सुरू झाले. पुत्राने पित्याचे स्मारक शाळेच्या रूपाने करावे, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते.

१९४८ साल मराठवाड्याला विसरता येणार नाही. रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ संस्थानातील अनेक वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला. वकिलाने न्यायालयात जाणे सोडणे म्हणजे आपल्या हाताने आपली चूल विझविणे होय. तरीही त्यांनी ते केले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १९५० साली हैदराबाद राज्याच्या मंत्रिमंडळात लोकप्रतिनिधींचा समावेश झाला, तेव्हा विनायकराव त्यांत होते. १९५७ साली ते हैदराबादमधून लोकसभेवर निवडून आले. १९६२ साली त्यांचे निधन झाले. पुरजळच्या खेड्यातून निघालेली वाट दोन पिढ्यांत न्यायासनापासून संसदेपर्यंत पोहोचली.

एक गोष्ट याच ओघात नमूद केली पाहिजे. १९२१ च्या नोव्हेंबरमध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या वास्तूत सामाजिक परिषद भरली होती. महर्षी धोंडो केशव कर्वे अध्यक्ष होते. इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणे शांतपणे ऐकली गेली. एक वक्ते तेलुगूत बोलू लागले, तेव्हा मात्र सभेत गोंधळ झाला आणि त्यांची टवाळी झाली. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी त्याच वेळी आपली स्वतंत्र संघटना काढली, आणि त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली. आपल्या भाषेसाठी झगडणाऱ्या मंडळींच्या सभेत शेजाऱ्याच्या भाषेची अवहेलना व्हावी, हे खेदजनक होते. आपल्या माणसांवरील प्रेम दुसऱ्याच्या अपमानापर्यंत जाऊ लागले की तेथे त्याला आवर घातला पाहिजे. हा धडा घराला, गावाला आणि भाषेला सारखाच लागू आहे.

पंचायत सदस्यांना मी एक व्यावहारिक गोष्ट सांगू इच्छितो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ मध्ये सदस्यांच्या अनर्हतेची कारणे दिली आहेत. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असल्यास त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द आपण नीट ध्यानात घ्यावा. मोरी दुसऱ्याच्या नावावर आणि बिलाची रक्कम आपल्या घरी, असा प्रकार कायद्याला माहीत आहे म्हणूनच तो शब्द तेथे आला आहे. सोयरिकीचा माणूस पक्षकार असेल तर न्यायाधीश त्या खटल्यातून बाजूला होतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. घरावर प्रेम असणे हा दोष नाही. ते प्रेम असते हे ओळखूनच कायद्याने त्याच्याभोवती कुंपण घातले आहे.

मुलाला कंत्राट मिळवून देणारा बाप गावात कर्तबगार ठरतो, आणि मुलाला शिकवून स्वतःच्या पायावर उभे करणारा बाप पुष्कळदा भोळा ठरतो. कंत्राट मात्र पाच वर्षांत, सत्ता बदलली की संपते. केशवरावांच्या नावाची शाळा त्यांच्या पश्चात उभी राहिली आणि तेथे इतरांची मुले शिकली.

आपणापैकी प्रत्येकाला हरिद्वारला मुले पाठवावयाची नाहीत. आपल्याकडून अपेक्षा एवढीच आहे की, जो नियम गावाला लावावयाचा तो प्रथम घराला लावावा, आणि घरच्यांनी त्यासाठी जे सोसले त्याची जाण ठेवावी. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर वेळेवर सही करणे हेही त्यातच आले. हे मी स्वतःलाही सांगत आहे.